मधले तीन दिवस

"मधे ल्योंला थांब की चांगला तीन दिवस, घाई काय आहे," ताई फोनवर म्हणाली आणि त्याच्या हातातला चहा हातातच राहिला. वाक्यात वाईट असं काहीच नव्हतं. साठीला आलेला भाऊ पहिल्यांदाच परदेशी येतोय म्हटल्यावर कुठलीही बहीण सांगेल तेच ती सांगत होती. पण 'घाई काय आहे' हे शब्द ताईच्या तोंडून त्याने जन्मात ऐकले नव्हते. ताई म्हणजे जेवतानाच पुढच्या कामासाठी निम्मी उठलेली बाई. लहानपणी तो एका बुटाची नाडी बांधत असायचा तोवर ही खाली वाकून दुसऱ्या बुटाची बांधून टाकायची आणि वर म्हणायची, चल, तुझं झालं की नाही अजून. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून ती फ्रान्सच्या दक्षिणेला गेली, मार्सेयपासून बसने तासाभरावरच्या एका लहान गावात. तिथल्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची डागडुजी करण्यात तिची सगळी नोकरी गेली. मूलबाळ झालं नाही, भावोजी जाऊनही आता सहा वर्षं झाली, पण तिचा घायकुतेपणा तसूभर कमी झाला नव्हता. आणि हेच ल्यों, 'ते थांबायचं गाव नाही रे, गाडी बदलायचं गाव आहे,' असं तिनेच तीन आठवड्यांपूर्वी बजावलं होतं. आता तिथे दोन नद्या होत्या, संग्रहालयं होती, जुन्या गल्ल्या होत्या. "अकराला उतर, तीन दिवस नीट बघ, चौदाच्या दुपारच्या गाडीने खाली ये," ती म्हणाली. "स्टेशनवर शेजारीण येईल न्यायला. आणि हो, तुझा पत्ता आणि नंबर स्वच्छ अक्षरात लिहून पाठव. तिच्याकडे असू दे." तो बरं म्हणाला. ताईने नेहमीप्रमाणे त्याचं 'बरं' पुरतं व्हायच्या आत फोन ठेवला. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती मात्र राहिली.

बायको टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उत्तरपत्रिका तपासत होती. शाळेच्या परीक्षा ऐन रंगात असल्यामुळे ती बरोबर येणार नव्हती, आणि तिचा नवरा एकटा विमानात बसणार ह्या गोष्टीची तिला काळजीपेक्षा करमणूकच जास्त वाटत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. "मग थांबा की," ती मान वर न करता म्हणाली. "तीन आठवडे तुम्हीच नकाशे घेऊन बसलाय ना, इस्तंबूल की पॅरिस की अजून काय. आता त्या थांब म्हणतायत तर संशय. थांबू नको म्हणाल्या होत्या तेव्हा तुम्ही दोन दिवस फुगून बसला होतात." हे खरं होतं. मधे कुठेतरी थांबायचं ही त्याची हौस होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या कुठे किती थांबतील ते ठरवलं, एकदा आपणही कुठेतरी विनाकारण उतरावं, तिथल्या बाकावर बसावं, आणि आपली गाडी चुकणार नाही ह्याची खात्री असताना इतरांची धावपळ बघावी, एवढंच त्याच्या मनात होतं. इस्तंबूलला दोन दिवस, नाहीतर पॅरिसला दोन दिवस आणि मग झपाट्याने दक्षिणेला जाणारी गाडी. ताईने दोन्ही बेत एका वाक्यात उडवून लावले होते. "रंगकाम काढलं असेल घरात," बायको म्हणाली. "नाहीतर पाहुणे असतील. सुतावरून स्वर्ग गाठू नका." तिने एका उत्तरावर भलीमोठी फुली मारली आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. शहराच्या बससेवेच्या वेळापत्रक विभागात त्याची पस्तीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला चाळीस दिवस उरले होते. लांबट खोली, उत्तरेकडे खिडक्या, भिंतीला सपाट खणांची कपाटं. आता सगळी कामं संगणकावर होत असली तरी आलेखाचे मोठे कागद त्या खणांत अजून होते, आणि तो अजून त्यांच्यावर पेन्सिलने काम करायचा, म्हणून तरुण मंडळी त्याला मिनिटराव म्हणायची. त्याला ते आवडायचं, पण तो तसं दाखवत नसे. कागदावर डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर थांबे. तिरपी रेघ म्हणजे धावणारी गाडी, आडवी रेघ म्हणजे उभी गाडी. सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकी सगळी हातचलाखी. हातचलाखी म्हणजे दर फेरीत दोन-चार मिनिटं हातची राखून ठेवायची, कुठल्याही छापील तक्त्यात दिसणार नाहीत अशी, म्हणजे उशिरा निघालेली गाडीसुद्धा शेवटच्या थांब्यावर वेळेत येते आणि लोक म्हणतात, बघा, ह्यांचं कसं काट्यावर चालतं. घरातली घड्याळं त्याने दहा मिनिटं पुढे ठेवली होती. लग्नाला जायची वेळ तो बायकोला अर्धा तास आधीची सांगायचा. तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती अर्धा तास उशिरा आवरायची, आणि ते त्याला ठाऊक होतं. असं त्यांचं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने एक कोरा आलेख काढला. खाली आपलं घर लिहिलं, अगदी वर ताईचं घर, मधे शहरं. एक मार्ग फ्रँकफर्टवरून सरळ मार्सेयला. दोन उभट रेघा आणि मधे नखाएवढी पायरी. दुसरा इस्तंबूलचा, तिसरा पॅरिसचा. मग ताईने सांगितलेला मार्ग काढला. रेघ वर चढत गेली, ल्योंपाशी आली, आणि अकरा तारखेपासून चौदापर्यंत आडवी पडली. त्याने पेन्सिल खाली ठेवली. पस्तीस वर्षांत त्याने अशा शेकडो आडव्या रेघा काढल्या होत्या आणि एवढी मोठी कधी विनाकारण काढली नव्हती. नदीवरच्या जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली होती तेव्हाची गोष्ट त्याला आठवली. नऊ महिने पुलावर एकेरी वाहतूक होती. प्रत्येक गाडी पुलावर अकरा मिनिटं अडकणार, उन्हात, माणसं शिव्या देणार. वरून हुकूम होता की गाजावाजा करायचा नाही. तेव्हा त्याने ती अकरा मिनिटं मागे ओढली, दोन थांबे अलीकडे, बाजाराजवळ, जिथे छप्पर होतं, बाकं होती, पिण्याचं पाणी होतं. गाडी तिथेच उभी राहायची आणि मग पुलावरून सरळ निघून जायची. लोकांना वाटायचं ड्रायव्हर चहाला गेलाय. नऊ महिन्यांत पुलाबद्दल एकही तक्रार आली नाही आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. फक्त एका बाईचं पत्र आलं होतं. पूल चालत सहा मिनिटांचा आहे, तिने लिहिलं होतं, मला आधी सांगितलं असतंत तर मी उतरून चालत गेले असते, माझं पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं. त्याने ते पत्र फायलीला लावलं. उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता, कारण उत्तर दिलं असतं तर पुलाबद्दल सांगावं लागलं असतं. आडवी रेघ जिथे असते तिथे काही बिघडलेलं नसतं, बिघडलेलं तिच्या पुढे असतं, हे विभागात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने कागदावर ल्योंच्या पुढे बघितलं. पुढे एकच थांबा होता.

मावशीच्या घराचा वास त्याला आला तो तेव्हा. धुऊन वाळलेल्या जाड चादरींचा वास, आणि त्यात काकांच्या औषधी तेलाचा. तो एकोणीस वर्षांचा होता, दुसऱ्या शहरात वसतिगृहावर राहून शिकत होता, आणि आई चार महिने अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं ताई करायची. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ताईचं पत्र आलं, चार ओळींचं. आईचं बरं चाललंय, परीक्षा पुरी करूनच ये, येताना मावशीकडे दोन दिवस उतर, ती कधीची बोलावतेय. तो उतरला. मावशीने त्याला खाऊपिऊ घातलं, मऊ गादी दिली, शर्टाची बटणं लावून दिली. संध्याकाळी काका पत्ते घेऊन बसले. हे काका म्हणजे लहान पोरांनासुद्धा जिंकू न देणारा माणूस, डाव अंगावर आला की पत्ते दोनदा मोजायचा, हरला तर जेवायचा नाही. त्या दोन दिवसांत तो काकांकडून एकदाही हरला नाही. आपला हात बसलाय असं त्याला वाटलं. दुसऱ्या रात्री तर त्याने काकांना चिडवलंसुद्धा, आणि काका हसले, आणि मावशी एकदम उठून आत गेली. तिसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा दार उघडं होतं, आईची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती, आणि ताई फरशी पुसत होती. चार दिवस झाले, ती म्हणाली. तू पेपर लिहीत होतास. बस, तुला पाणी देते. म्हणजे मावशीकडे तो पहिला डाव जिंकला तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्याला सोडून. मुलगा शहाणा आहे, किती समजुतीने घेतलं, असं सगळे म्हणाले. त्याने समजुतीने घेतलं नव्हतं. त्याला नुसतं कुठून सुरू करावं ते कळलं नव्हतं, आणि वर्षभरात ताई लग्न करून निघून गेली, मग पत्रं, मग फोन, आणि फोनवर ताईशी कुठलाही विषय काढेपर्यंत तिने तो ठेवलेला असायचा. एक्केचाळीस वर्षं झाली. पत्त्यांना मात्र त्याने नंतर हात लावला नाही. बायकोला तो सांगायचा, मला येत नाहीत.

त्याने कागदाची गुंडाळी केली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिकिटांच्या ऑफिसात गेला. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं, काचेचं दार, आत दोन खुर्च्या, आणि संगणकाच्या दोन पडद्यांमागे बसलेली तिकीटवाली मुलगी. तीन आठवड्यांत ही त्याची पाचवी खेप. "या सर," ती म्हणाली, "आज कुठलं शहर?" त्याने पहिल्याच दिवशी तिला अट घातली होती की विमान बदलायला मधे तीन तासांच्या खाली वेळ चालणार नाही, आणि ती म्हणाली होती की सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी असती तर विमानतळावर लोकांनी बिऱ्हाडं केली असती. आज तो म्हणाला, "सरळ मार्सेय. दहा तारखेपर्यंत." तिने पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सकाळी फोनवर सांगितलंत म्हणून ल्योंचं हॉटेल मी धरून ठेवलंय, दोन नद्यांच्या मधलं." "सोडून द्या." ती बराच वेळ बोटं चालवत राहिली. त्या दरम्यान त्याला स्वतःचाच राग आला. समजा रंगकाम असेल. समजा खरोखरच म्हातारपणी ताई निवांत झाली असेल, माणसं होतात, आणि आपण एका आडव्या रेघेवरून आपली एकुलती एक हौस मोडतोय. फोन करून विचारावं हे सगळ्यांत सोपं होतं. पण विचारलं तर ती काही नाही म्हणेल, आणि तिने काही नाही म्हटलं की तो बरं म्हणेल, असंच त्यांचं आयुष्यभर चालत आलं होतं. आधी विचारून मग तिकीट काढलं तर ते ल्योंचं निघेल, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. "दहाला सकाळी निघून त्याच संध्याकाळी सहा पाचला मार्सेय," मुलगी म्हणाली. "पण फ्रँकफर्टला मधे पंचावन्नच मिनिटं आहेत. तुम्हाला नाही चालणार." पंचावन्न मिनिटांत दुसरं दार शोधायचं, रांगा लावायच्या, तेही ज्याने कधी विमानतळ आतून पाहिला नाही त्याने. "काढा," तो म्हणाला. तिने खात्री करायला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा काढा म्हटलं, आणि तिकीट निघाल्यावरच तो बाहेर जिन्यात आला आणि त्याने ताईला फोन लावला.

"तिकीट काढलं," तो म्हणाला.

"ल्योंचं ना?"

"नाही. सरळ मार्सेयचं. दहाला संध्याकाळी सहा पाचला उतरतोय."

ताईची वाक्यं एकमेकांच्या पायात येतात, त्यांच्यामधे एवढी जागा त्याने कधी ऐकली नव्हती.

"दहाला कशाला?" ती म्हणाली. "मी तुला चौदा सांगितली होती. बदलून घे."

"अकरा, बारा, तेरा. ह्यात काय आहे, ताई?"

"काय असायचंय? काही नाही."

"मी पस्तीस वर्षं हेच काम केलंय. मला नको सांगूस काही नाही म्हणून."

तिने सुस्कारा टाकला, तो वैतागाचा होता, हातातलं काम फसल्यावर टाकतात तसा. "बाराला आहे," ती म्हणाली. "हृदयाची एक झडप बदलायचीय. अकराला भरती व्हायचं, बाराला सकाळी आठला नेणार. आजकाल सगळ्यांच्या होतात. तेरापर्यंत काय ते कळतं. म्हणून तुला चौदा सांगितली."

"काय ते म्हणजे?"

"म्हणजे धडधाकट असले तर तू येशील तेव्हा उशीला टेकून बसलेली असेन. चार शिव्या घालीन तुला. आणि नसले, तर आपलं कुणीतरी इथे लागेल की नाही? सह्या असतात, घर रिकामं करायचं असतं. शेजारीण परकी बाई, ती कितीसं करणार?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला. दोन्हीकडून बसणारं वेळापत्रक होतं. गाडी आली तरी बरोबर, नाही आली तरी बरोबर, आणि प्रवाशाला दोन नद्यांच्या मधे छपराखाली बसवून ठेवलेलं. त्याच्या विभागात इतकं बिनचूक काम कुणाच्या हातून झालं नव्हतं. त्याला हसू येईल असं वाटलं, पण रडू आलं, आणि ते ताईला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने फोन थोडा लांब धरला. वरून कुणीतरी खोकी घेऊन उतरत होतं, त्याने गुडघे बाजूला घेतले.

"मावशीकडेही तूच थांबवलं होतंस मला," तो म्हणाला.

"हो."

"का?"

"परीक्षा होती तुझी." मग, "आणि मी दमले होते रे. तू आला असतास तर रडला असतास. तुला सांभाळू की तिला? तेहेतीस वर्षांची होते मी, छोट्या. मला वाटलं, एक माणूस तरी ह्यातून बाहेर राहू दे."

हे तिने कधीच सांगितलं नव्हतं, आणि त्याने कधीच विचारलं नव्हतं. आता विचारलंच आहे तर पुरतं विचारावं, असं त्याला वाटलं. ते वाटलं तेव्हाच उत्तर ऐकायची भीतीही वाटली.

"आईने माझ्याबद्दल काही विचारलं होतं?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तो कधी पोचतोय, म्हणाली. सकाळी. मी सांगितलं, परीक्षा झाली की येतोय. मग संध्याकाळी तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं."

"मग?"

"मग नाही विचारलं."

त्याला राग आला, सरळ, धडधडीत राग, एक्केचाळीस वर्षं जपून ठेवल्यासारखा कोरा. आई दोनदा विचारत होती आणि तो भूमितीचा पेपर लिहीत होता, आणि मग काकांच्या पत्त्यांवर पत्ते टाकत होता, आणि हे सगळं त्याच्या भल्यासाठी एका माणसाने मांडून ठेवलं होतं. तो ताईला काहीही बोलू शकला असता आणि तिने ऐकून घेतलं असतं, हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं. पण तो श्वासही त्याला आता नीट ऐकू येत होता, आखूड, मधेच अडणारा, गेले कित्येक महिने फोन पटकन ठेवून तिने जो त्याला ऐकू दिला नव्हता. रागाच्या शेजारी भीती येऊन बसली आणि दोघांना त्या एका पायरीवर जागा पुरेना. काचेच्या दारातून मुलीने छापलेला कागद दाखवला, त्याने तिला मान हलवून थांबा म्हटलं.

"तुला भीती वाटतेय का, ताई?"

"वाटतेय तर. झडप म्हणजे काय गंमत आहे?" आणि मग, "शेजारणीला सांगते न्यायला विमानतळावर. बसच्या भानगडीत पडू नकोस."

"तूच ये. दहाला तू घरीच आहेस ना अजून?"

"आहे की."

"मग तूच ये."

"बरं," ती म्हणाली. बरं हा त्याचा शब्द होता, तिचा नव्हे. त्याने वाट बघितली, पण फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तिच्या घरात कुठेतरी भांड्यावर भांडं पडलं, पाण्याचा नळ सुरू झाला आणि बंद झाला. ती तिथेच होती.

"कधी पोचतोस म्हणालास?" तिने विचारलं.

"दहाला. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी."

"हं."

नळ पुन्हा सुरू झाला आणि बंद झाला. मग तिने पुन्हा विचारलं, हळू, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं, "कधी पोचतोस, छोट्या?"

"दहाला, ताई," तो म्हणाला. "संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी." आणि फोन कानाशी तसाच धरून तो पायरीवर बसून राहिला, तिला आणखी एकदा विचारायचं असेल तर.